पाळीव कुत्रा चावला तर मालकाची जबाबदारी किती? फाटकावर पाटी लावल्याने ती कमी होते का?

निंबाखालचे घर (धागाकर्ता), सोमवार, रात्री १०.१५

नमस्कार. या प्रकरणात चावा बसलेला माणूस आमच्या घरचा नाही, चावणारा कुत्रा आमच्या घरचा आहे. त्यामुळे प्रतिसादांत मला थोडेफार ऐकून घ्यावे लागेल, याची तयारी ठेवूनच लिहीत आहे.

नागपुरात त्रिमूर्तीनगरात आमचे स्वतंत्र घर आहे. ब्रुनो हा आमचा पाच वर्षांचा लॅब्रॅडॉर. त्याला रेबीजची लस दरवर्षी न चुकता दिली जाते आणि त्या नोंदींचे पुस्तक घरात आहे. उन्हाळ्यात दुपारी त्याला अंगणातल्या कडुनिंबाखाली बांधून ठेवण्याची आमची पद्धत आहे. गेल्या आठवड्यात मात्र पारा ४५ अंशांवर गेला होता आणि निंबाची सावली दुपारनंतर पार भिंतीपलीकडे सरकते, म्हणून आईने त्याची साखळी काढली आणि पोर्चमध्ये पाणी ठेवून त्याला मोकळे सोडले. त्याच सुमारास पाण्याचे कॅन पोचवणारा मुलगा आला. वय असेल वीस-एकवीस. आपण घंटा वाजवली होती, असे तो सांगतो, आणि त्याच्यावर अविश्वास दाखवण्याचे मला काहीच कारण दिसत नाही, कारण कूलर सुरू असला की आम्हांला घंटा ऐकू येत नाही, हे घरातले सगळेच जाणतात. नेहमीप्रमाणे त्याने बाहेरून हात घालून फाटकाची कडी काढली आणि ब्रुनोने त्याच्या पोटरीचा चावा घेतला. दोन दात खोल रुतले आणि रक्त आले.

जखम आम्ही लगेच धुतली. मी त्याला गाडीवर बसवून रुग्णालयात नेले, तेथे लस आणि जखमेभोवतीची इंजेक्शने देण्यात आली, आणि तो सगळा खर्च आम्ही केला. आता घरात दोन तट पडले आहेत. बाबांचे म्हणणे असे की, फाटकावर 'कुत्र्यापासून सावधान' ही पाटी आधीच्या कुत्र्याच्या वेळेपासून आहे, ब्रुनो याआधी कोणालाही चावलेला नाही, लस झालेली आहे, खर्चही दिला आहे, तेव्हा आपल्याकडून जे व्हायला हवे होते ते झाले. मला तसे वाटत नाही. पाटीला कायद्यात काही किंमत आहे का, पहिल्यांदाच चावलेल्या कुत्र्याच्या मालकाला काही सवलत मिळते का, आणि त्या मुलाच्या बुडालेल्या रोजीचे काय, हे मला जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे.

सावजी रस्सा, सोमवार, रात्री १०.३२

पाटी कॅनवाल्या मुलाने वाचली असेलही, पण ती एकदा ब्रुनोलाही वाचून दाखवायला हवी होती.

खामल्याची ताई, सोमवार, रात्री ११.०५

मी घरोघरी जाऊन गणिताच्या शिकवण्या घेते आणि चार वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याच्या घरी मलाही कुत्रा चावला आहे, त्यामुळे मी तटस्थ राहू शकणार नाही. धागाकर्त्यांनी जे केले ते माझ्या बाबतीत कोणी केले नव्हते. त्या घरातल्या आजींनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा, "तुम्ही त्याच्या डोळ्यांत बघितलं का? डोळ्यांत बघितलेलं त्याला आवडत नाही." माझ्या मनगटातून रक्त येत होते आणि मी कुठे बघितले याची चौकशी सुरू होती. पुढे पाच वेळा लस घेण्यासाठी पाच संध्याकाळच्या शिकवण्या बुडाल्या, त्यांचे पैसे अर्थातच कोणी दिले नाहीत, आणि ती शिकवणी मी सोडली, तेव्हा "एवढ्याशा गोष्टीवरून" असे शब्द माझ्या कानावर आले.

तुमच्या वडिलांना माझा एकच प्रश्न आहे. कॅन उचलून जिने चढणाऱ्या मुलाची पोटरी दुखावली, तर त्याच्याकडे दुसरे कोणते काम उरते?

दिवाणी फौजदारी, मंगळवार, सकाळी ७.४०

मी वकिली करतो, पण येथे लिहिलेले कोणी वैयक्तिक सल्ला समजू नये. कायद्यात या घटनेच्या दोन स्वतंत्र वाटा आहेत आणि लोक त्यांची नेहमी गल्लत करतात.

पहिली वाट फौजदारी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ येथे लागते. त्याआधी हाच मजकूर भारतीय दंड संहितेच्या कलम २८९ मध्ये होता. आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा जबर दुखापतीला असलेला संभाव्य धोका टाळण्यास पुरेशी ठरेल अशी खबरदारी जाणूनबुजून किंवा हयगयीने न घेणे, हा तो गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या कलमात दंडाची कमाल मर्यादा १,००० रुपये होती. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस न्यायालयाच्या आदेशाची वाट न पाहता तो नोंदवू शकतात. परंतु जामीनपात्रही आहे, तेव्हा उगाच बेड्यांची स्वप्ने पाहू नयेत.

या कलमातले तीन शब्द मी माझ्या कनिष्ठांना नेहमी अधोरेखित करायला सांगतो. 'ताब्यातील' म्हटले आहे, 'मालकीचा' म्हटलेले नाही. त्यामुळे कुत्रा फिरायला नेणारा नोकर किंवा सुटीत सांभाळायला घेतलेले नातेवाईकही या कलमाच्या कक्षेत येऊ शकतात. 'संभाव्य' म्हणजे आधी अंदाज करता येण्याजोगा. आणि 'पुरेशी' हा शब्द तर सगळ्या खटल्याचा कणा असतो. धागाकर्त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले आहे की, कूलरमुळे घंटा ऐकू येत नाही हे घरात सर्वांना माहीत होते, कॅनवाला रोज स्वतःच कडी काढून आत येतो हेही माहीत होते, आणि कुत्रा मोकळा होता. या तीन गोष्टी एकत्र ठेवल्या, तर खबरदारी पुरेशी होती असे म्हणणे मला तरी जड जाईल.

याच्या जोडीला कलम १२५ आहे. हयगयीच्या कृतीने दुखापत झाली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, आणि जबर दुखापत झाली तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड. दोन्हीकडे या दोन्ही शिक्षा एकत्रही होऊ शकतात. आता 'जबर' शब्द ऐकून हाड मोडलेच पाहिजे असे कोणी समजू नये. जखमीला आपली रोजची कामे पंधरा दिवस करता आली नाहीत, तर तीही नव्या संहितेत जबर दुखापत ठरते. जुन्या कायद्यात हा काळ वीस दिवसांचा होता. खामल्याच्या ताईंनी विचारलेला पोटरीचा प्रश्न म्हणूनच निव्वळ माणुसकीचा उरत नाही, तो थेट कलमाचाही आहे.

दुसरी वाट दिवाणी, म्हणजे नुकसानभरपाईची. आपल्याकडे श्वानदंशाच्या भरपाईचा वेगळा कायदा नाही. इंग्रजी परंपरेतून आलेला अपकृत्यांचा, म्हणजे आपल्या चुकीने दुसऱ्याचे झालेले नुकसान भरून देण्याचा, कायदा न्यायालये लावतात. त्या परंपरेत वाघ-अस्वलासारख्या प्राण्याच्या मालकाला कोणतीही सबब चालत नाही, आणि कुत्र्या-गाईसारख्या माणसाळलेल्या प्राण्याच्या बाबतीत, त्याची खोड मालकाला आधीपासून माहीत होती का, हे पाहिले जाते. यावरूनच 'पहिला चावा माफ' अशी एक समजूत पसरली आहे. ती अर्धवट आहे, कारण खोड ठाऊक नसली तरी निष्काळजीपणा स्वतंत्रपणे सिद्ध करता येतो, आणि अशा दाव्यात उपचाराच्या खर्चासोबत बुडालेली कमाई आणि सोसलेला त्रास यांचीही मागणी करता येते.

पाटीबद्दल संध्याकाळी लिहितो, आता न्यायालयात जायचे आहे.

गोल्डी आणि मी, मंगळवार, सकाळी ९.१०

मला हा सगळा सूर एकतर्फी वाटतो. कोणाच्याही बंद फाटकात हात घालून कडी काढणे आणि परवानगीवाचून आत शिरणे योग्य कसे ठरते? कुत्रा आपल्या अंगणात होता, रस्त्यावर नव्हता. घर राखणे हा त्याचा स्वभाव आहे आणि त्याच कारणासाठी आपण त्याला हजारो वर्षे जवळ केले आहे. घंटेला उत्तर मिळाले नाही, तर त्या मुलाने फोन करायला हवा होता. प्रत्येक वेळी मालकालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायचे ठरले, तर उद्या कोणी कुत्रा पाळणारच नाही.

निंबाखालचे घर, मंगळवार, सकाळी ९.४५

गोल्डी आणि मी, तुमची भावना समजते; परंतु तो परवानगीवाचून आला, असे मी म्हणू शकणार नाही. कॅन आम्ही मागवला होता. कडी काढून पोर्चमध्ये कॅन ठेवून जा, असे दोन वर्षांपूर्वी आईनेच त्याला सांगितले होते.

सिव्हिल लाईन्सचा बेंच, मंगळवार, सकाळी १०.२०

म्हणजे आवतण देऊन दारात चावा. वडिलांची बाजू येथेच निम्मी पडली.

गुरांचा डॉक्टर, मंगळवार, दुपारी १.३०

पशुवैद्यकाचे काम करतो, म्हणून कायद्याआधीच्या गोष्टी लिहितो, कारण धाग्यात त्या कोणी विचारलेल्याच नाहीत.

कुत्र्याची लस झालेली आहे म्हणून चावलेल्या माणसाने उपचार टाळावेत, असे कधीही करू नये. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने निदान पंधरा मिनिटे धुवावी. हे साधे काम विषाणूची संख्या पुष्कळ कमी करते आणि तेच सर्वांत जास्त वेळा टाळले जाते. रक्त आलेला चावा तिसऱ्या श्रेणीत मोडतो, आणि तेथे लशीबरोबरच जखमेत व तिच्याभोवती इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे विषाणूशी लढणारी तयार प्रतिपिंडे, द्यावे लागते. कॅनवाल्या मुलाला जखमेभोवती दिलेली इंजेक्शने तीच असावीत. लस दंडाच्या स्नायूत दिली तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी, आणि त्वचेत दिली तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी घ्यायची असते. सरकारी रुग्णालयांत ती मोफत असते. एकदा लक्षणे दिसू लागली की या रोगावर इलाज नाही, म्हणून "बघू दोन दिवस" हे वाक्य येथे चालत नाही.

आता ब्रुनोविषयी. त्याला दहा दिवस घरातच निरीक्षणाखाली ठेवा, कोणाला देऊन टाकू नका, गावी पाठवू नका. चावताना लाळेत विषाणू असता, तर कुत्रा या दहा दिवसांत आजारी पडतो किंवा मरतो. दहाव्या दिवशी तो धडधाकट असला, तर त्या चाव्यातून रेबीज होण्याची भीती उरत नाही. कुत्रा दिसेनासा केला, तर जखमी माणसाची ही एकमेव खात्री हिरावली जाते. लोक घाबरून नेमके हेच करतात, आणि पुढे पोलिसांना ते पुरावा दडवल्यासारखे दिसते.

एक सांगून ठेवतो. "लॅब कधी चावत नाही" हे वाक्य मी दवाखान्यात आठवड्यातून एकदा तरी ऐकतो, आणि ते सांगणाऱ्याच्या हाताला बऱ्याचदा पट्टी असते.

इतवारीचा वाडा, मंगळवार, दुपारी ४.१५

थोडे अवांतर होईल, पण आमच्या लहानपणी कुत्रा चावला की आधी जखमेवर तिखट आणि तेल चोपडत, आणि मग पोटात चौदा इंजेक्शने घेण्यासाठी रोज मेयो रुग्णालयाची वारी असे. माझ्या थोरल्या भावाने ती चौदाही घेतली आहेत. त्या काळात मालकाची जबाबदारी एवढीच मानली जाई की, त्याने कुत्र्याला जखमीच्या दारात आणून सर्वांसमक्ष दोन काठ्या मारायच्या.

गुरांचा डॉक्टर, मंगळवार, दुपारी ४.४०

तिखट, तेल, चुना, हळद यांतले काहीही लावू नये. आणि ती पोटातली इंजेक्शने आपल्या देशात २००५ च्या सुमारास बंद झाली. कुत्र्याला काठ्या मारण्याचा उपाय तेव्हाही निरुपयोगी होता.

दिवाणी फौजदारी, मंगळवार, संध्याकाळी ७.५५

पाटीचा मुद्दा राहिला होता. 'कुत्र्यापासून सावधान' ही पाटी दुधारी आहे. अनोळखी माणूस विनाकारण कुंपण ओलांडून आला, तर त्याला इशारा दिला होता असे सांगण्यास ती उपयोगी पडते. पण ज्याला आपणच बोलावले आहे, ज्याला आत आल्यावाचून त्याचे काम करता येत नाही, त्याच्यापुढे ती पाटी कितीशी टिकणार? उलट समोरचा वकील विचारील की, सावध राहण्यासारखा कुत्रा आहे हे तुम्हांला माहीत नव्हते, तर पाटी लावली कशासाठी? म्हणजे ज्या 'माहितीचा' पुरावा शोधत फिरावे लागते, तो तुम्ही स्वतःच रंगवून फाटकावर टांगलेला असतो. सर्व न्यायालये असेच मानतील, असे मी म्हणत नाही. पण पाटी म्हणजे ढाल, या समजुतीत वडिलांनी राहू नये.

दुसरी पळवाट 'पूर्वी कधी चावला नाही' ही असते. मुंबईतल्या नेपियन सी रोडवर २०१० मध्ये एका रॉटवायलरने वृद्ध गृहस्थांना चावा घेतला होता; मालकाला दंडाधिकाऱ्यांनी २०२३ मध्ये तीन महिन्यांची कैद सुनावली. वरळीत २०१८ मध्ये लिफ्टमधील माणसाने, लहान मूल घाबरते, जरा थांबा, अशी विनंती केली असताना मालकाने आपला हस्की आत आणला आणि तो चावला. त्या मालकाला मे २०२५ मध्ये चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. दुसऱ्या प्रकरणात कुत्र्याच्या स्वभावापेक्षा मालकाचे वागणेच न्यायालयाला जास्त खटकले, असा माझा समज आहे.

सावजी रस्सा, मंगळवार, रात्री ८.२०

२०१० चा चावा आणि २०२३ ची शिक्षा, म्हणजे तेरा वर्षे. एवढ्या काळात कुत्रा निसर्गनियमाने केव्हाच निर्दोष सुटला असणार.

सचिव मॅडम मनीषनगर, मंगळवार, रात्री ९.००

आमच्या इमारतीत अशीच एक घटना झाल्यावर सर्वसाधारण सभेने 'यापुढे कुत्रे पाळण्यास मनाई' असा ठराव मोठ्या बहुमताने केला. नंतर समजले की असा ठराव टिकत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण संस्थेला सरसकट बंदी घालता येत नाही आणि पाळीव प्राण्यांना लिफ्टमधूनही हाकलता येत नाही. ठराव मागे घेताना सभेत जो गोंधळ झाला, तो येथे लिहिण्यासारखा नाही.

अखेर आम्ही साधी कामे केली. कुत्रा बाहेर काढताना पट्टा हवा, लशीच्या नोंदीची प्रत दरवर्षी कार्यालयात द्यायची, महानगरपालिकेकडे नोंदणी करायची, आणि लिफ्टमध्ये आधीच कोणी असेल तर पुढची फेरी घ्यायची. या शेवटच्या नियमाला सर्वांत जास्त विरोध झाला, तोही सातव्या मजल्यावरून. दिवाणी फौजदारी यांनी दिलेले वरळीचे उदाहरण मी सूचना फलकावर लावणार आहे.

फुटाळ्याची हवा, मंगळवार, रात्री १०.१०

पाळीव कुत्र्यांवर एवढी चर्चा चालली आहे, पण नागपुरात खरा त्रास मोकाट कुत्र्यांचा आहे. त्यांना रोज पोळी घालणारे लोक चाव्याची जबाबदारी घेतात का? ते मालक ठरत नाहीत का?

सिव्हिल लाईन्सचा बेंच, मंगळवार, रात्री १०.४५

हा प्रश्न आपल्याच नागपूर खंडपीठासमोर आला होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये खंडपीठाने असे म्हटले होते की, ज्यांना मोकाट कुत्र्यांना खाऊ घालायचे आहे त्यांनी त्यांना दत्तक घ्यावे, घरी न्यावे आणि त्यांची रीतसर नोंदणी करावी. सार्वजनिक ठिकाणी खाऊ घातल्यास २०० रुपयांपर्यंत दंडही सांगितला होता. सर्वोच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात दत्तक घेण्याच्या त्या सक्तीला स्थगिती दिली. त्यानंतर २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने मोकाट कुत्र्यांना खाऊ घालण्यासाठी ठरावीक जागा नेमण्यास सांगितले. पोळी घातली म्हणजे ताबा आला, असे आज तरी सरळ म्हणता येत नाही. ज्याला आपण नाव ठेवले, गळ्यात पट्टा घातला, रात्री अंगणात घेतले आणि 'आमचा' म्हटले, तो मात्र चावल्यानंतर एकाएकी 'रस्त्यावरचा' होत नाही. आमच्या गल्लीत असे एक श्वान आहे. ते पोळी घालताना साऱ्या गल्लीचे असते आणि कोणाला चावले की कोणाचेच नसते.

सावजी रस्सा, मंगळवार, रात्री ११.००

पंजाबात म्हणे दातांच्या खुणांवर दर ठरवला आहे. त्या हिशेबाने ब्रुनोचे बिल किती होईल?

दिवाणी फौजदारी, बुधवार, सकाळी ७.२०

विनोदात विचारले असले, तरी उत्तर देतो. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान १०,००० रुपये, आणि मांस निघाले असल्यास जखमेच्या दर ०.२ सेंटिमीटरमागे किमान २०,००० रुपये, असे प्रमाण सांगितले. पण ते मोकाट जनावरांसाठी आणि मुख्यतः सरकारच्या जबाबदारीसाठी आहे. खासगी मालकाला आपल्याकडे ते जसेच्या तसे लागू होत नाही. नोएडा प्राधिकरणाने मात्र पाळीव प्राण्याने इजा केल्यास मालकाकडून १०,००० रुपये दंड आणि जखमीच्या उपचाराचा खर्च घेण्याचे धोरण २०२३ पासून लागू केले. दर ठरवून दिला की भांडण कमी होते, हा त्याचा फायदा. तोटा असा की, ज्याची रोजी गेली त्याचे नुकसान दातांच्या संख्येत मोजता येत नाही.

निंबाखालचे घर, बुधवार, दुपारी २.००

सर्वांचे आभार. पाटीविषयीचे विवेचन बाबांना मोठ्याने वाचून दाखवले. त्यांनी पूर्ण ऐकून घेतले आणि मग पाटी काढून टाकावी का, असे विचारले. मी सध्या राहू द्या म्हणालो.

आता एक अडचणीचा प्रश्न. बाबा त्या मुलाची रोजी द्यायला तयार झाले आहेत, पण त्याआधी 'आमची काही तक्रार नाही, आम्हांला सर्व पैसे मिळाले' अशा कागदावर त्याची सही घ्यावी, असा त्यांचा आग्रह आहे. दुखणाईत मुलासमोर असा कागद ठेवायला मला संकोच वाटतो. त्या कागदाचा कायद्यात उपयोग तरी होतो का?

जुना पेशकार, बुधवार, दुपारी ३.३०

तीस वर्षे न्यायालयाच्या कार्यालयात काढली आहेत, म्हणून सांगतो. कागद अवश्य करावा. तोंडी दिलेले पैसे कोणाच्याही आठवणीत राहत नाहीत, आणि राहिले तरी आकडा बदलतो. संकोच बाजूला ठेवा.

दिवाणी फौजदारी, बुधवार, संध्याकाळी ८.०५

पेशकारसाहेबांशी निम्मा सहमत आहे. दिलेल्या रकमेची साधी पावती दोघांच्याही हिताची असते. तारीख, रक्कम, औषधांचे किती, रोजीचे किती, एवढे लिहिलेले असावे. पण 'तक्रार नाही' या ओळीवर वडिलांनी फार विसंबू नये. कलम २९१ चा गुन्हा आपसांत मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत नाही. एकदा गुन्हा नोंदवला गेला की दोघांनी हस्तांदोलन केले तरी तो आपोआप संपत नाही. सामोपचार झाल्याचे सांगून उच्च न्यायालयाकडे तो रद्द करण्याची विनंती करावी लागते. न्यायालये अशा विनंत्या मान्य करतात, पण त्यासाठी सिव्हिल लाईन्सपर्यंत जावे लागते आणि आमची फी द्यावी लागते. या गुन्ह्याची दखल घेण्यासाठी न्यायालयाला सर्वसाधारणपणे एक वर्षाची मुदत असते, हेही लक्षात ठेवावे.

आणखी एक, हे वकील म्हणून नव्हे. औषधाच्या गरजेपोटी उतावीळ झालेल्या माणसाकडून घेतलेली सही न्यायाधीशांना लगेच ओळखू येते. आधी पैसे द्या, मग पावती मागा. हा क्रम उलटा करू नका.

हिशेबनीस, बुधवार, रात्री ९.१५

पुढच्यासाठी एक सूचना करतो. काही सर्वसाधारण विमा कंपन्यांच्या पाळीव कुत्र्यांच्या विम्यात, कुत्र्याने तिसऱ्या व्यक्तीला इजा केल्यास द्याव्या लागणाऱ्या भरपाईचे कलम असते. घेताना अपवाद वाचून घ्यावेत, कारण लस आणि नोंदणी अद्ययावत नसेल तर दावा अडकू शकतो. फौजदारी दंड मात्र कोणताही विमा भरत नाही.

सायकलवरचा पेपर, बुधवार, रात्री ११.४०

आतापर्यंत नुसता वाचत होतो. महाविद्यालयात असताना सहा वर्षे मी बजाजनगर आणि अभ्यंकरनगरात पहाटे वर्तमानपत्रे टाकली, म्हणून फाटकाच्या बाहेरून हे प्रकरण कसे दिसते ते लिहितो.

'गोल्डी आणि मी' यांनी विचारले आहे की मुलाने फोन का केला नाही. कॅन पोचवणाऱ्याच्या टेम्पोत एका फेरीला पन्नास-साठ घरे असतात. प्रत्येक दारात फोन करून पाच मिनिटे थांबायचे ठरवले, तर त्याचा मालक त्याला दुसऱ्या दिवशी कामावर घेणार नाही. त्यामुळे तो प्रत्येक घराची एक सवय पाठ करतो. या घरी कडी डावीकडे आहे, त्या घरी कुत्रा बांधलेला असतो, पलीकडच्या घरी आजोबा ओरडतात. तुमच्या घराविषयी त्याच्या डोक्यात 'दुपारी कुत्रा निंबाखाली बांधलेला असतो' अशी नोंद होती. ती नोंद तुम्हीच दोन वर्षे रोज पक्की करत होता. ज्या दिवशी तुम्ही साखळी सोडली, त्या दिवशी ही बातमी फक्त त्यालाच मिळाली नव्हती.

मला दोनदा चावा बसला. एकदाही तक्रार केली नाही, कारण तक्रार केली असती तर ती लाईन माझ्याकडून गेली असती. त्यामुळे ज्यांच्या कुत्र्याविरुद्ध कधीच तक्रार आली नाही, त्यांनी त्याचा अर्थ जपून लावावा.

गोल्डी आणि मी, गुरुवार, सकाळी ८.३०

सायकलवरचा पेपर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. फोन करण्याविषयीचे माझे वाक्य मी मागे घेते. राखण करण्याच्या स्वभावाविषयीचे मागे घेत नाही. पण तो स्वभाव आहे हे मला माहीत असेल, तर कडीचे बघणेही माझ्याकडेच येते, एवढे मान्य करते.

खामल्याची ताई, गुरुवार, सकाळी ९.००

गोल्डीला माझा नमस्कार सांगा, लांबूनच.

निंबाखालचे घर, पुढचा सोमवार, रात्री ९.३०

उशिरा लिहीत आहे. काल दहा दिवस पूर्ण झाले, आणि ब्रुनो व्यवस्थित खातो-पितो आहे. गुरांचा डॉक्टर यांनी सांगितल्याप्रमाणे मी ही गोष्ट त्या मुलाला आणि त्याच्या डॉक्टरांना कळवली; उरलेल्या मात्रा डॉक्टर ठरवतील तशा तो घेणार आहे.

शनिवारी मी आणि बाबा त्याच्या घरी गेलो होतो. बाबांनी खिशात कागद घेतला होता, पण तो बाहेर काढला नाही. त्याची रोजी किती, असे विचारल्यावर त्याने सांगितलेला आकडा आम्ही धरलेल्या आकड्यापेक्षा कमी होता, आणि त्याच्या आईने मध्येच थांबवून खरा आकडा सांगितला. तीन आठवड्यांची रोजी दिली. मग तिनेच, लिहून द्यायचे का, असे विचारले, आणि त्याच्या वहीच्या पानावर तारीख व रक्कम लिहून सही झाली. तक्रार करायची की नाही हा त्यांचा प्रश्न आहे आणि त्यांच्याकडे वर्षभराचा अवधी आहे, हेही मी तेथे सांगितले. परत येताना बाबा गाडीवर मागे बसून काही बोलले नाहीत.

फाटकाला आता आतून कुलूप असते आणि कॅन ठेवण्यासाठी कुंपणाबाहेर ओटा बांधून घेतला आहे. घंटा कूलरच्या खोलीतून काढून स्वयंपाकघरात बसवली. सध्या त्याच्या जागी दुसरा मुलगा येतो. तो कॅन ओट्यावर ठेवतो, घंटा वाजवतो आणि आम्ही बाहेर येईपर्यंत टेम्पोत जाऊन बसलेला असतो.